अँथियसचा थवा दर वेळी एकेक करून का संपतो?

अँथियस म्हणजे घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये थव्याने ठेवला जाणारा छोटा रंगीत समुद्री मासा. त्याच्याबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीने येते. लायरटेल अँथियसच्या सहा-सात नारिंगी माद्या आणल्या. पहिले काही आठवडे टँक नुसता झगमगत होता. मग एका संध्याकाळी मोजल्या तर एक कमी. मेलेला मासा कुठेच सापडला नाही. पंधरा-वीस दिवसांनी आणखी एक कमी. पाणी तपासलं, सगळे आकडे जागच्या जागी. चार-पाच महिन्यांत एक गुलाबी-जांभळा नर आणि खडकाआड दडून बसणारी एक मादी, एवढंच उरलं. मग भर म्हणून दोन-तीन मासे आणले, ते तर महिनाभरही टिकले नाहीत.

दुकानात विचारलं तर उत्तर दोनपैकी एक: "नर मारकुटा निघाला" किंवा "अँथियस नाजूकच असतात". दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्हींतून हाती काही लागत नाही. माझं ठाम मत असं आहे की क्वारंटाइनमधून, म्हणजे मुख्य टँकआधी वेगळं ठेवण्याच्या काळातून, सुखरूप बाहेर पडलेला थवा घरच्या टँकमध्ये बहुतेक वेळा भुकेने मरतो, आणि ही भूक हुद्द्याप्रमाणे वाटली जाते. थव्यात प्रत्येकाचा नंबर ठरलेला असतो. वरचे आधी खातात आणि खालच्यांना हुसकावतात. सगळ्यांत खालचा मासा अर्धपोटी राहतो, अशक्त होतो, अशक्त झाल्यामुळे आणखी मार खातो आणि एका रात्री जातो. ब्रिसल वर्म (खडकात राहणारे केसाळ किडे) आणि खेकडे सकाळपर्यंत त्याचं नामोनिशाण ठेवत नाहीत. मग त्याच्या वरचा मासा शेवटचा होतो आणि तेच चक्र त्याच्यावर फिरतं. पाण्याच्या चाचणीत यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून या सगळ्या खटाटोपात एकच प्रश्न धरून ठेवा: शेवटच्या नंबरच्या माशाला दिवसातून किती वेळा घास मिळतो?

आधी बघा, मासे कधी गेले

भुकेवर बोट ठेवण्याआधी बाकीची कारणं बाजूला काढायला हवीत. त्यासाठी मासा आणल्यापासून किती दिवसांनी गेला, हे सगळ्यांत उपयोगी पडतं.

पहिल्या आठ-दहा दिवसांत गेला असेल तर दोष बहुधा तुमच्या टँकचा नाही. बाजारातले जवळजवळ सगळे अँथियस समुद्रातून पकडलेले असतात आणि काही जाती बऱ्याच खोलीवरून येतात. घाईने वर आणलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगून बिघडते. असा मासा डोकं खाली, शेपूट वर करून पोहतो, किंवा थांबला की वर तरंगतो. प्रवासात पिशवीतल्या पाण्यात अमोनिया साठतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया एकदम विषारी होतो. त्यामुळे लांबून आलेल्या पिशवीत तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसण्यापेक्षा आपल्या पाण्याची क्षारता (खारेपणा) आधीच पिशवीशी जुळवून ठेवावी आणि मासा लवकर हलवावा.

दोन ते पाच आठवड्यांत गेला असेल तर रोगाचा संशय घ्या. पांढरे दाणे दिसले तर क्रिप्टोकॅरिऑन (पुढे नुसता क्रिप्टो) हा परजीवी. अंगावर बारीक धुरळा बसल्यासारखा दिसला, श्वास जोरात चालला आणि मासा वेव्हमेकरच्या (टँकमध्ये प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) तोंडाशी उभा राहू लागला तर अमायलोऊडिनियम, म्हणजे आपण ज्याला व्हेल्व्हेट म्हणतो तो. आणि अंगावर लालसर चट्टा उठून दोन-चार दिवसांत मासा गेला तर युरोनेमा. अँथियस आणि क्रोमिस (थव्याने राहणारा दुसरा एक मासा) या दोघांना युरोनेमाचा त्रास विशेष होतो. हा जीव माशावाचून, टँकमधल्या जिवाणूंवरही जगू शकतो, त्यामुळे क्रिप्टोसारखं टँक काही आठवडे माशांविना रिकामा ठेवून त्याला संपवता येत नाही. लाल चट्टा दिसलेला मासा विकत घेऊ नये, आणि घरी चट्टा दिसला तर तो मासा त्याच दिवशी वेगळा करावा.

याच्याही पुढे, म्हणजे दोन-तीन महिन्यांनी, मासे अंगावर काही खूण नसताना एकेक करून जात असतील, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. मात्र त्याआधी ओव्हरफ्लोचा डबा (जिथून पाणी खाली उतरतं), सम्पमधला म्हणजे खालच्या फिल्टर टाकीतला सॉक (गाळण पिशवी) आणि टँकच्या मागची फरशी बघून घ्या. अँथियस घाबरले की सरळ वर उसळी मारतात. वर जाळी नसेल तर "गायब झालेला" मासा स्टँडमागे वाळलेला सापडतो.

भूक ओळखायची कशी

समुद्रात लायरटेल अँथियस, म्हणजे स्यूडअँथियस स्क्वामिपिनिस, प्रवाळाच्या कडेला प्रवाहाकडे तोंड करून राहतो आणि वाहत येणारे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, दिवसभर टिपत असतो. कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव), अंडी, अळ्या असं बारीकसारीक, अखंड. तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकपर्यंत त्याचे थवे आहेत, आपल्या लक्षद्वीप आणि अंदमानातही आहेत. धोका दिसला की अख्खा थवा खडकात शिरतो आणि क्षणात पुन्हा बाहेर येतो. इतकं सतत पोहणाऱ्या माशाला दिवसातून एकदा भरपूर घालून भागत नाही. एका वेळी तो जितकं गिळू शकतो, त्याच्यावर त्याचा दिवस निघत नाही.

पोट बघून फसू नका. खाल्ल्यावर तासभर भुकेल्या माशाचंही पोट गोल दिसतं. बघायची जागा म्हणजे डोक्यामागची पाठ. निरोगी अँथियस समोरून पाहिला तर डोक्यामागे दोन्ही बाजूंना मांस भरलेलं, गोलसर दिसतं. उपाशी माशाची तीच जागा चिमटल्यासारखी होते आणि पाठीच्या परालगतची कडा सुरीच्या धारेसारखी वर येते. माद्यांच्या डोळ्याखालून छातीच्या पराकडे जाणारी जांभळी रेघ फिकी पडते. ही अवस्था आली म्हणजे माशाने स्वतःचे स्नायू जाळायला सुरुवात केलेली असते. या टप्प्यावरून तो परत येतो, पण त्याला काही आठवडे लागतात.

दर रविवारी एकाच कोनातून फोटो काढून ठेवा. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना हळूहळू होणारा बदल दिसत नाही, फोटोत दिसतो.

आणि खाणं घालताना नराकडे बघूच नका. तो देखणा आहे, पुढे येतो, सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर जातं. नजर थव्याच्या मागे, खालच्या कोपऱ्यात असलेल्या सगळ्यांत छोट्या मादीवर ठेवा. ती खडकाच्या तोंडाशी उभी असते. तुकडा जवळून गेला की झेप घेते, एवढ्यात वरची मादी अंगावर येते आणि ही अर्ध्यातून मागे फिरते. कधी तुकडा तोंडात घेऊन थुंकते, पुन्हा घेते, पुन्हा थुंकते. थुंकत असेल तर तुकडा मोठा आहे. झेप घेऊन मागे फिरत असेल तर खाणं एकाच जागी पडतंय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून पाच मिनिटं नुसतं बघणं हेच यातलं अर्धं निदान आहे.

काय घालायचं, किती वेळा, कुठे

थवा नीट बसेपर्यंत दिवसातून निदान चार ते सहा वेळा, थोडं थोडं. नोकरीवर जाणाऱ्याला हे जमत नाही हे मला ठाऊक आहे. मार्ग असा: सकाळी निघण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर गोठवलेलं खाणं हाताने, मधल्या वेळात ऑटो फीडरमधून अर्धा ते एक मिलिमीटरचे हळू बुडणारे दाणे तीन-चार वेळा. पण नवे अँथियस दाणे ओळखत नाहीत. क्वारंटाइनमध्ये असतानाच मायसिसबरोबर (बारीक कोळंबीसारखा जीव) थोडे भिजवलेले दाणे मिसळत जा. एकाने खाल्ले की बाकीचे बघून खातात, थव्याचा हा फायदा आहे. ज्या थव्याला दाणे खाता येत नाहीत, तो दिवसभर रिकाम्या घरात टिकणार नाही.

गोठवलेल्यात मायसिस, कॅलॅनस आणि सायक्लॉप्स (हे दोन्ही कोपेपॉड) आणि माशांची अंडी, हे चारही आलटून पालटून. प्रौढ आर्टेमियावर (ब्राइन श्रिंपवर) एकट्यावर राहू नका, त्यात पोट भरतं पण अंग धरत नाही. आयात पाकिटं महाग पडतात आणि वाटेत वितळून पुन्हा गोठलेली असण्याची शक्यता असते. पाकिटात बर्फाचे सुटे खडे आणि तपकिरी पाणी दिसलं तर घेऊ नका.

आपल्याकडे, विशेषतः मुंबई-रायगड-रत्नागिरीच्या लोकांना, एक चांगली सोय दारात आहे: ताजा जवळा. हा ॲसेटिस वंशाचा बारीक कोळंबीसारखा जीव प्लवकातच मोडतो आणि अँथियस तो मनापासून खातात. पहाटेच्या बाजारातला, अजून पारदर्शक असलेला, वास न येणारा घ्यायचा. सुका किंवा मीठ लावलेला अजिबात नको. चाळणीत घेऊन आरओच्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, नाहीतर अंगावरचा चिकट रस फॉस्फेट वाढवतो. पाणी पूर्ण निथळू द्या. मग पाटावर धारदार सुरीने दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे करा. मिक्सरला लावू नका, त्याचा लगदा होतो, तो माशाच्या तोंडात जात नाही आणि पाणी मात्र गढूळ करतो. पिशवीत पापडासारखा पातळ थापून सपाट गोठवा म्हणजे हवा तेवढा तुकडा मोडून घेता येतो. निदान आठवडाभर गोठलेला राहू द्या. त्याने परजीवी मरतात, जिवाणू सगळे मरत नाहीत, म्हणून माल ताजाच हवा. बारीक दाण्याची गाबोळी मिळाली तर पडदा काढून, गाळणीतून दाबून, धुऊन तशीच गोठवा. लहान माद्यांच्या तोंडाला ती अगदी बरोबर बसते. घरच्या खाण्यावर आठवड्यातून दोनदा सेल्कॉनसारखं जीवनसत्त्व आणि मेदाम्लाचं द्रावण टाकून दहा मिनिटं मुरू द्या.

आता जागा. बहुतेकांकडे खाणं टँकच्या पुढच्या मधल्या भागात, एकाच जागी पडतं. वरच्या नंबरचा मासा ती जागा ताब्यात घेतो आणि खेळ तिथेच संपतो. रिटर्न पंप (सम्पमधून पाणी वर आणणारा) दहा-पंधरा मिनिटं बंद करा म्हणजे खाणं ओव्हरफ्लोत जाणार नाही, वेव्हमेकर मात्र कमी वेगावर चालू ठेवा. गोठवलेलं खाणं वितळवून, गाळून, कपभर टँकच्या पाण्यात मिसळा आणि वेव्हमेकरच्या प्रवाहात हळूहळू सोडा. ते टँकभर पसरतं. पसरलेल्या खाण्यावर कोणाला पहारा देता येत नाही. शेवटचा चमचा मुद्दाम थव्याच्या उलट टोकाला, त्या छोट्या मादीच्या खडकाजवळ टाका. मोठा टँक असणारे लोक छोट्या फ्रिजमध्ये प्लवकाचं द्रावण ठेवून डोसिंग पंपाने ते दिवसभर थोडं थोडं सोडतात. खर्च आहे, नळ्या रोज धुवाव्या लागतात, पण टुका किंवा पास्कॅलससारख्या कठीण जातींना यापेक्षा चांगलं मला काही माहीत नाही.

इतकं घातल्यावर पाणी बिघडणार, ही भीती खरी आहे. त्याची तयारी मासे आणण्याआधी करायची: टँकच्या मानाने एक माप मोठा स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र), सम्पमध्ये कीटोमॉर्फा शेवाळाचा रेफ्युजियम म्हणजे वेगळा कप्पा (त्यात कोपेपॉडही वाढतात), दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदल, सॉक दर दोन-तीन दिवसांनी धुणं. नायट्रेट 10 ते 20 पीपीएमच्या (दशलक्षातल्या भागांच्या) आसपास राहिला तर अँथियसचं काहीच बिघडत नाही. आकडा खाली आणायला खाणं कमी करणं हा मार्ग या माशांच्या बाबतीत बंद आहे, असंच समजा. आणि दगडी प्रवाळासाठी अतिशुद्ध पाणी राखायचं ओझं तुमच्यावर नसेल तर उत्तमच. भारतात सगळे दगडी प्रवाळ आणि सी-फॅन (पंख्यासारखे प्रवाळ) 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहेत. अँथियसला प्रवाळ नाही, लपायला भोकं असलेला खडक आणि पोहायला मोकळं पाणी लागतं, सिरॅमिकच्या खडकातही तो खुशीत राहतो.

नर कुठून येतो

थव्यातली भांडणं समजायला ही गोष्ट माहीत असणं भाग आहे. अँथियस आधी मादी म्हणून वाढतात, नर पुढे त्यांच्यातूनच तयार होतो. तांबड्या समुद्रातल्या याच जातीवर इस्रायली प्राणिशास्त्रज्ञ लेव्ह फिशेलसन यांनी 1970 मध्ये दाखवून दिलं की थव्यात नर असेपर्यंत माद्या माद्याच राहतात, आणि नर काढला की एक मादी बदलून नर होते. पुढे 1980 मध्ये डग्लस शापिरो यांनी मोठ्या थव्यातून एकाच वेळी अनेक नर काढले, तेव्हा जितके काढले जवळपास तितक्याच माद्या नर झाल्या, तेही सगळ्या एकदम नाही, एकापाठोपाठ एक.

घरच्या टँकसाठी याचा अर्थ सरळ आहे. नर शोधत बसू नका. एकसारख्या आकाराच्या लहान माद्या घ्या, त्यातली एक काही आठवड्यांत नर होईल. वागणं आधी बदलतं, रंग मागून येतो, पाठीच्या पराचा तिसरा काटा लांब होतो. या संक्रमणाच्या काळात ती सगळ्यांना हाणते. घाबरून तिला बाहेर काढलंत तर दुसरी मादी तेच सुरू करते आणि थव्याला तोच मार दुसऱ्यांदा बसतो. त्याऐवजी त्या काळात खाणं आणखी पसरून, आणखी वेळा घाला आणि दिवे थोडे मंद ठेवा.

संख्येबद्दल: तीनचा गट मी कोणालाच सुचवत नाही. नर दोघींपैकी एकीला सोडतो आणि दुसरीच्या मागे लागतो, मार एकाच अंगावर जमा होतो. सात-आठ असतील तर तोच मार वाटला जातो. सात-आठ ठेवायचे तर लायरटेलसाठी पाचशे लिटरच्या आसपासचा, लांबीला निदान पाच फूट टँक हवा. तेवढा नसेल तर थव्याचा हट्ट सोडावा आणि एकच मासा ठेवावा. एकटा अँथियस दुःखी होतो असं अनेकांना वाटतं. चांगलं खाणारा एकटा मासा मी उपाशी थव्यापेक्षा कधीही पसंत करीन.

भर घालण्याची चूक

थवा आटण्याच्या चक्राला खरं बळ इथून मिळतं. उरलेल्या दोन माशांना आता अख्खा टँक आपला वाटू लागलेला असतो. त्यात प्रवासाने थकलेले, भुकेले दोन नवे मासे पडतात. ते पहिल्या दिवसापासून शेवटच्या नंबरवर आणि जखमी.

भर घालायचीच तर एकदम चार-पाच घाला, आधीच्यांपेक्षा आकाराने लहान, आणि आधी क्वारंटाइनमध्ये खाऊन भरलेले. टँकमध्ये छिद्रांचा पारदर्शक डबा टांगून नव्यांना आठ-दहा दिवस त्यात ठेवा आणि त्यात वेगळं खाणं घाला. नर काचेपाशी येऊन पर फुलवणं थांबवतो, तेव्हा सोडायची वेळ झाली. सोडताना दोन-तीन खडकांच्या जागा बदला आणि दिवे बंद करून सोडा.

क्वारंटाइनबद्दल थोडक्यात. सगळा गट एकाच टँकमध्ये, शंभर-दीडशे लिटर, पीव्हीसीच्या पाइपचे तुकडे लपायला, आधीच मुरवलेला स्पंज फिल्टर. चार ते सहा आठवडे. इतकं खाणं जात असताना छोट्या पाण्यात अमोनिया पटकन चढतो, तो रोज मोजा. क्रिप्टो किंवा व्हेल्व्हेटसाठी तांब्याचं औषध वापरायचं तर चिलेटेड प्रकारचं (दुसऱ्या रेणूशी बांधलेलं तांबं) वापरा आणि 2 पीपीएमच्या वरची उपचाराची पातळी चार-पाच दिवसांत चढवत न्या. अँथियसला एकदम दिलेला पूर्ण डोस सोसत नाही, ते खाणं सोडतात, आणि खाणं सोडलेला अँथियस औषधाने वाचत नाही. मुख्य टँकमध्ये तांबं कधीच नको.

जात निवडताना

दुकानात सगळेच "अँथियस" म्हणून एका काचेत असतात, पण त्यांच्यात फार फरक आहे. लायरटेल काटक, खाण्याला चटकन लागणारा, पण दादागिरी करणारा आणि वाढून दहा-बारा सेंटिमीटरचा होणारा. मध्य पॅसिफिकातला बार्टलेट्स आकाराने लहान आणि तितकाच काटक, माझ्या मते पहिल्या थव्यासाठी हाच सगळ्यांत योग्य, फक्त त्यातल्या माद्या लवकर नर होतात. डिस्पार नाजूक आणि शांत, तापट माशांबरोबर नको. हिंदी महासागरातला, पिवळ्या शेपटीचा इव्हान्सी पाहून कोणाचाही जीव अडकेल, पण त्याला प्रवास सोसत नाही, दुकानात पंधरा दिवस टिकलेलाच घ्यावा. टुका आणि पास्कॅलस हे दिवसभर खाणं सोडण्याची यंत्रणा आधी उभी केलेल्यांसाठी. प्लुरोटिनिया, म्हणजे नराच्या कुशीवर चौकोनी डाग असलेला, मोठा होतो आणि खोलवरून येतो. एकटाच ठेवायचा असेल तर सनबर्स्ट बघा, तो गुहेत राहणारा आहे, थव्यावाचून त्याचं काही अडत नाही.

क्रॉफर्ड मार्केटला घ्या किंवा गावातल्या दुकानात, दुकानदाराला समोर खाणं घालायला सांगा. खात नसलेला अँथियस अर्ध्या किमतीतही घेऊ नका. "काल आले" असं उत्तर आलं तर पैसे देऊन ठेवा आणि आठ दिवसांनी न्यायला या. डोक्यामागची पाठ, लाल चट्टे, श्वासाचा वेग, डोळ्यांची स्वच्छता, एवढं बघा. आणि काचेतल्या सगळ्यांत मोठ्या माशाचा मोह टाळा.

उन्हाळा आणि वीज

हा भाग आपल्याकडचाच आहे आणि परदेशी सल्ल्यांत तो क्वचित सापडतो. 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग मीठ) क्षारतेच्या समुद्री पाण्यात 25 अंशांना ऑक्सिजन लिटरमागे साधारण 6.7 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना 6.2. त्याच वेळी गरम पाण्यात माशाची ऑक्सिजनची गरज आणि भूक, दोन्ही वाढतात. म्हणजे एप्रिल-मेमध्ये टँक 30 वर गेला की थव्याला जास्त खाणं हवं आणि जास्त हवाही. पुणे, नाशिक, नागपूर इथल्या कोरड्या हवेत पाण्यावर पंखा लावून दोन-तीन अंश सहज उतरतात, फक्त उडालेल्या पाण्याच्या जागी ऑटो टॉप-ऑफने (आपोआप पाणी भरणाऱ्या यंत्रणेने) आरओचं पाणी जात राहिलं पाहिजे, नाहीतर क्षारता चढते. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत पंख्याने फारसं होत नाही, तिथे चिलरला पर्याय नाही. 25 ते 26 अंश धरून चाला.

वीज गेली की टँकमध्ये सगळ्यांत आधी अँथियस पृष्ठभागाशी येतात. इन्व्हर्टरवर दिवे नकोत, स्किमर नको, फक्त एक वेव्हमेकर पृष्ठभाग हलवत राहील असा जोडा. सोबत बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवा. रात्री वीज गेलेल्या टँकमध्ये सकाळी नेमका सगळ्यांत अशक्त, म्हणजे शेवटच्या नंबरचा मासा गेलेला असतो, आणि दोष मात्र नराच्या माथी जातो.

आत्ता दोनच उरले असतील तर

नवीन मासे आणू नका, निदान दोन महिने. नर आणि ती उरलेली मादी, दोघांनाही पसरून, दिवसातून पाच-सहा वेळा घाला आणि तिच्या पाठीचे रविवारचे फोटो काढत राहा. मार चालूच असेल तर मादीला नाही, नराला डब्यात टाका. तो डब्यात आठवडाभर असताना मादी मोकळ्या पाण्यात फिरून खायला शिकते. दोन महिन्यांनी तिची पाठ भरलेली दिसली, ऑटो फीडरच्या दाण्यांवर दोघं स्वतःहून येऊ लागली आणि इतकं खाणं घालूनही नायट्रेट तुमच्या हातात राहिला, तर टँक पाच लहान माद्यांच्या गटासाठी तयार आहे. यातलं एक जरी जमलं नसेल तर गट आणायचा नाही, आणि टँक छोटा असेल तर ही जोडी मोठ्या टँकवाल्या ओळखीच्या माणसाकडे देऊन टाकणं दोन्ही माशांच्या हिताचं आहे.